टाकीत कोणी उतरायचं नाही

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एका सकाळी मोरीच्या जाळीतून जे वर आलं, त्याला सगळे ‘पाणी’ म्हणत होते. मी म्हणणार नाही. ती घाण होती. तीन मजल्यांवरच्या सगळ्या बिऱ्हाडांची घाण, आणि ती जिथं साठायला सोडली होती तिथं आता जागा उरली नव्हती.

ऐंशी साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. वसई रोडच्या आजूबाजूला केळीच्या वाड्या तुटत होत्या आणि त्यांच्या जागी आमच्यासारख्यांच्या बिल्डिंगी उभ्या राहत होत्या. आम्ही परळच्या चाळीतून उमेळ्याला आलो. हवा, झाडं, शांतता हे बिल्डरच्या जाहिरातीत होतं. आई आली ती संडासासाठी. चाळीत रोज सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभं राहण्यात तिची उमेद गेली होती. इथं घरात संडास, आतून कडी, साखळी ओढली की सगळं गायब. पाहुणे आले की ती आधी हॉल दाखवायची नाही, संडास दाखवायची. “सेल्फ कंटेन्ड आहे,” म्हणायची, आणि साखळी ओढून दाखवायची.

गायब होऊन ते जातं कुठं, हे कुणी विचारलं नव्हतं. गाव ग्रामपंचायतीचं, गटाराचा पत्ता नाही. जमिनीखाली कुठंतरी सेप्टिक टाकी आहे एवढं ऐकून होतो. वर्षानुवर्षं ती भरत होती आणि आम्ही साखळ्या ओढत होतो.

मी त्या काळात पत्रकं लिहायचे. आमचा तरुणांचा एक गट होता. जवळ एक जुनं सायक्लोस्टाइल यंत्र आणि मुबलक संताप. रेशनचं रॉकेल, नळाचं पाणी, कारखान्यातून काढलेले कामगार, जे समोर येईल त्यावर पत्रक. वाक्य छोटं हवं, सवाल थेट हवा, आणि ‘जबाबदार कोण?’ हे शेवटी मोठ्या अक्षरांत हवंच. आदल्याच वर्षी स्टेशनकडच्या एका बिल्डिंगमध्ये टाकी उपसायला उतरलेला माणूस आतल्या वायूनं बेशुद्ध पडला होता. दोरीनं ओढून काढला म्हणून वाचला. त्यावरही मी पत्रक काढलं होतं. आठ दिवसांनी बाजारात शेंगदाणे घेतले, तर पुडी माझ्याच पत्रकाची.

आता पाळी आमच्या टाकीची होती.

सोसायटीचे सेक्रेटरी आमच्याच जिन्यात राहायचे. बँकेत नोकरी, कडक इस्त्री, आणि सगळ्या बिल्डिंगचे काका. त्यांनी संध्याकाळपर्यंत माणूस बोलावला. चाळिशीचा गृहस्थ सायकलवरून आला. अंगात पांढरा सदरा. कंपाउंडभर फिरून त्यानं विचारलं, “टाकीचं झाकण कुठंय?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच माहीत नव्हतं.

“झाकण सापडलं की सांगा,” तो म्हणाला. “बादली पुरेल तोवर वरनं काढतो, मग आत उतरतो.”

“आत म्हणजे टाकीत?” मी विचारलं.

“मग काय विहिरीत?”

रात्री गच्चीवर मीटिंग भरली. पैशांची वर्गणी ठरत होती, तेवढ्यात मी उभी राहिले.

“काका, आपल्या टाकीत माणूस उतरणार नाही.”

“मग काय तू उतरणार?” सगळे हसले.

“उतरेन की. घाण माझी आहे. तुमचीही आहे, तुम्हीही चला.”

काका समजुतीच्या सुरात म्हणाले, “अगं, रागावतेस काय? त्यांना सवय असते.”

सवय! विषारी वायूची सवय फुप्फुसांना होते हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. झालीच असेल तर ती एकाच जातीच्या माणसांना बरी होते? बँकेतल्या माणसाला होत नाही, शाळेतल्या मास्तरांना होत नाही, बिल्डरला तर मुळीच होत नाही! मी हे सगळं तिथंच बोलले, आणि यापेक्षा वाईट शब्दांत बोलले. मागून आईचा आवाज आला, “ती म्हणते ते खोटं नाही. पण खालच्यांना घरात पाय ठेवता येत नाही, त्याचं काय ते आधी बोला.”

तो माणूस गच्चीच्या दारात उभा होता. मजुरी ठरवायला थांबला होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, तुम्ही माझ्या बाजूनं बोलताय ना? मग माझं काम का मारताय?”

“काम नाही मारत. उतरणं मारतेय.”

“उतरल्याबिगर काम होत नाही. तुम्ही केलंय का कधी?”

मी म्हटलं, उपसायची गाडी असते, पंपाची, पाइप सोडून ओढते, ती आणू. काकांनी चष्मा काढून पुसला. “ठीक. रविवारी सकाळपर्यंत तुझी गाडी दारात आण. नाही आली तर हा उतरेल, आणि तू मध्ये पडणार नाहीस. कबूल?”

“कबूल.”

म्हणजे आता सगळं माझ्यावर. गाडी आली नाही तर तो माणूस उतरणार, आणि मला खिडकीतून बघत बसावं लागणार.

अशी गाडी मी पाहिली होती. स्टेशनच्या पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत गेटवर पत्रकं वाटताना एक हिरवी टाकीवाली गाडी कारखान्यात शिरायची आणि तिच्या मागं सगळे नाक धरायचे. पंचायतीच्या ऑफिसात मी आधी जाऊन आले. तिथल्या कारकुनानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “गाडी? आमच्याकडे झाडूसुद्धा दोनच आहेत.” मग मी कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिले, पत्रकं न घेता. ते वॉचमनला फार संशयास्पद वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. मी ड्रायव्हरच्या दाराशी गेले.

“बिल्डिंगची टाकी? राहायच्या बिल्डिंगची?” त्याला गंमत वाटली. “अजून कोणी बोलावलं नाही तिकडं. सगळे माणसंच उतरवतात.”

“रविवारी याल?”

“संडेला कारखाने बंद, गाडी मोकळी. येतो. पण ऐका, पाइप पातळ माल ओढतो. तळाला गाळ बसतो तो नाही ओढत. त्याला उतरायला माणूस तुमचा.”

मी हे ऐकलं. ऐकून म्हटलं, “तुम्ही या तर खरं.”

शनिवारी संध्याकाळी झाकण शोधायला सुरुवात झाली. बिल्डरकडे नकाशा मागायला जावं तर तो ऑफिसला कुलूप लावून केव्हाच दुसरीकडं गेलेला. मग एकानं पहार आणली आणि कंपाउंडमध्ये ठोकत निघाला. इथं ठण, तिथं ठण. मागून सगळे कान देऊन. कुणी म्हणे चिंचेखाली असेल, कुणी म्हणे जिन्याखाली. पहार शेवटी झेंड्याच्या चौथऱ्याला लागली आणि आवाज आला तो पोकळ.

पुन्हा ठोकली. पुन्हा पोकळ.

हा चौथरा म्हणजे आमच्या सोसायटीची शान. आम्ही राहायला आलो तेव्हा सगळं कंपाउंड वाडीच्या मऊ मातीचं, पाऊस पडला की घोट्यापर्यंत चिखल. मधोमध एवढाच सिमेंटचा कोरडा टणक तुकडा होता. सगळ्यांना वाटलं, बिल्डरनं झेंड्यासाठी आयता ओटा करून दिलाय. काय सद्‌गृहस्थ! लोकांनी त्यावर विटा रचल्या, प्लास्टर केलं, मध्ये लोखंडी पाइप रोवला, कडेनं गेरू लावला. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला तिथं जिलेबी वाटली जायची. दरवर्षी आम्ही सावधान उभं राहून राष्ट्रगीत म्हणत होतो ते आमच्याच मैल्याच्या झाकणाभोवती.

“चौथरा फोडायचा? झेंड्याचा?” कुणीतरी हळूच म्हणालं.

“झेंडा आत्ता त्यावर आहे का?” मी म्हटलं. “नाही ना? मग ते झाकण आहे.”

काका वर गेले. लोकांना वाटलं, रागावून गेले. थोड्या वेळानं बनियन आणि लेंग्यात खाली उतरले. त्यांना त्या वेषात बिल्डिंगनं प्रथमच पाहिलं. त्यांनी पहार हातात घेतली. “बांधला मी. फोडतो पण मीच.” दोन घाव त्यांना जमले नाहीत, तिसरा जमला.

रविवारी गाडी आली, आणि आमच्या बिल्डिंगपासून हाकेच्या अंतरावर थांबली. वाटेत आडवे बांबू बांधलेले होते. लांबलचक, हिरवे, जाडजूड.

ही वाट म्हणजे शेजारच्या वाडीचा रस्ता. वाडी एका ख्रिस्ती बाईंची. नवरा गेल्यावर केळी, पानवेल, मोगरा सगळं त्या एकट्या बघायच्या. आमचं त्यांच्याशी बोलणं नव्हतं. कारण आमच्या टाकीतून झिरपलेलं पाणी त्यांच्या बावखलात उतरत होतं. वाड्यांना शिंपायला खणलेला लहानसा तलाव म्हणजे बावखल. त्यावर त्यांचं डिझेलचं इंजिन चालायचं. वर्षभर त्या सोसायटीला सांगत होत्या, आणि सोसायटी ‘बिल्डरला विचारा’ म्हणत होती.

मी धावत त्यांच्या घरी गेले. घरात कुणीच नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मग त्या त्यांच्या देवळाकडून, म्हणजे चर्चकडून, येताना दिसल्या. रविवारची मिसा आटपून, लाल लुगडं, चाल घाईची.

“कोणाची गाडी ही?”

“मावशी, आमची टाकी उपसायला आणलीय.”

“तुमची टाकी?” त्या थांबल्या. “देवा! आठवली का?”

काका मागून आले. “बाई, रस्ता अडवणं बरं नाही.”

“रस्ता? वाट आहे ती माझी. बिल्डरला विटा न्यायला दिली होती. त्यानं बिल्डिंग आणून ठेवली. आता दुसराच बिल्डर रेतीचे ट्रक आणतो पलीकडच्या बिल्डिंगला, म्हणून काल रात्री बांबू घातले.” मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “बावखलाचं पाणी मी मोगऱ्याला घालत नाही आता. फूल देवळात आल्तारावर जातं, तुमच्या देवांना पण जातं. असलं पाणी कसं घालू? केळीला घालते. केळ बिचारी काही बोलत नाही.”

काका म्हणाले, “चूक झाली.” एवढंच. पण काका असं कुणालाच म्हणत नसत. मावशींनी स्वतः दोऱ्या सोडल्या आणि बांबू कडेला ओढले. “आज काढताय म्हणून सोडते. पुन्हा झिरपलं तर परत बांधीन, सांगून ठेवते.”

पाइप टाकीत सोडला. गाडीची मोटर घरघरली आणि सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. वरचं पातळ भराभर खेचलं गेलं. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी छाती फुगवून उभी. आणि मग पाइप नुसताच घोरायला लागला. ड्रायव्हरनं आत वाकून पाहिलं आणि माझ्याकडं बघून खांदे उडवले. “सांगितलं होतं ना. गाळ.”

तो पांढऱ्या सदऱ्याचा माणूस सकाळपासून पायरीवर बसून होता. काकांनी त्याला बोलावूनच ठेवलं होतं. तो उठला. चपला काढल्या. सदऱ्याची बटणं सोडली. दोरी उचलली.

मी टाकीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

“ताई, बाजूला व्हा.”

“नाही.”

“अहो, मला घरी जायचंय. पोरं जेवायची थांबलीत. दहा मिनिटांचं काम आहे.”

“आत जाऊन तुम्ही करणार काय?”

“काय करणार म्हणजे? गाळ ढवळणार, वर पाणी मारणार, पातळ झाला की पाइप ओढील.”

“मग वरून ढवळा.”

“वरून?” तो ड्रायव्हरकडं बघून हसला. “माझे हात काय ताडासारखे आहेत?”

मी मागं पाहिलं. वाटेच्या कडेला मावशींचे बांबू पडले होते. मला ओरडायला लागलंच नाही. सगळ्यांनी तिकडंच पाहिलं.

“मावशी, बांबू घेऊ?”

“घ्या. पण ते मला परत नकोत.”

“आणि पाणी?” ड्रायव्हरनं विचारलं. “पाणी पाहिजे, भरपूर.” आमच्या नळाला सकाळी जेमतेम अर्धा तास पाणी, ते केव्हाच गेलेलं. इंजिन मावशींचं, बावखल मावशींचं. मागायचं कुठल्या तोंडानं? शेवटी आईच पुढं झाली. “अहो, इंजिन लावाल का थोडा वेळ?”

मावशी म्हणाल्या, “लावते. तुमच्यातूनच आलंय त्यात, थोडं तुमच्यात परत जाऊ दे.” आणि पदर खोचून इंजिनाचा दांडा फिरवायला गेल्या.

नळी झेंड्याच्या जागेपर्यंत आली. धप धप करून पाणी पडायला लागलं. आता ढवळायचं कुणी? गॅलऱ्या भरलेल्या, कंपाउंड रिकामं. इतका वेळ बघायला आलेली माणसं एकदम कामाची झाली, कुणाला दूध आणायचं होतं, कुणाला पाहुणे येणार होते. मी एक बांबू उचलला. जड होता, हलेचना. तेवढ्यात त्याचं दुसरं टोक उचललं गेलं. काका होते, नाकाला रुमाल बांधून. मग दोन कॉलेजची मुलं आली, मग तळमजल्यावरचे आजोबा, मग आई.

आणि तो माणूस? तो बटणं सोडलेल्या सदऱ्यात टाकीच्या कडेला उभा राहिला आणि आमच्यावर ओरडायला लागला. “अहो काका, ढवळा! आशीर्वाद काय देताय?” “ताई, भाषणात जोर असतो तसा इथं लावा!” “कोपरा! तो कोपरा सोडला तर मला जावं लागेल, मग बसाल रडत!” ड्रायव्हर हसून हसून गाडीला टेकला. गॅलरीतूनही सूचना यायला लागल्या, तेव्हा काका वर बघून ओरडले, “बोलायचं असेल तर खाली या!” आणि चार जण खरोखर आले.

वास? होता. भयंकर होता. पहिली काही मिनिटं तोंड फिरवून ढवळलं, मग हात इतके दुखायला लागले की वासाकडं लक्ष द्यायला फुरसत उरली नाही. मधूनमधून मोटर लावायची, पातळ झालेलं ओढायचं, पुन्हा नळी, पुन्हा बांबू. ऊन डोक्यावर आलं आणि कललं. अखेर ड्रायव्हरनं बॅटरी मारून पाहिलं आणि मान हलवली. तळ दिसत होता.

“आता हे ओतणार कुठं?” मावशींनी विचारलं.

“खाडीत,” ड्रायव्हर सहज म्हणाला.

“खाडीत? तिथं लोक मासे धरतात!” मावशी त्याच्यावर इतक्या जोरात ओरडल्या की मला माझी सगळी पत्रकं मवाळ वाटली. मागच्या पडीक तुकड्यात नव्या नारळीसाठी त्यांनी लांब चर खणून ठेवला होता. गाडी तिकडं नेली, चरात रिकामी केली, वर माती लोटली. “यंदा लावत नाही,” त्या म्हणाल्या. “वर्षभर मुरू दे. मग बघू नारळ कसा येतो तो.”

तो माणूस इंजिनाच्या नळीखाली हात धूत होता. त्याचे हात तसे स्वच्छच होते. त्यानं सदऱ्याची बटणं लावली. मी जवळ गेले. मला वाटलं, आभाराचं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, “मजुरी पूर्ण घेणार. मी उतरायला तयार होतो.”

“पूर्णच द्यायची,” काका मागून म्हणाले. “आणि झिरपणारं पाणी बावखलात न जाता लांब जिरावं म्हणून शोषखड्डा खणायचाय. त्याचं काम घेणार का? कोरड्या मातीतलं आहे.”

“कोरड्या मातीतलं?” त्यानं विचार केला. “त्याचा भाव वेगळा.”

खड्डा त्यानं खणला, भाऊ आणि मेहुण्याला घेऊन. पुढच्या मीटिंगमध्ये दोन ठराव झाले. एक, टाकी वर्षातून एकदा उन्हाळ्यात गाडीनं उपसायची. दुसरा, टाकीत कोणी उतरायचं नाही. दुसऱ्यावर चर्चा व्हायची होती, पण काकांनी सरळ विचारलं, “ज्यांना वाटतं माणूस उतरावा, त्यांनी हात वर करा, म्हणजे पहिला नंबर त्यांचा.” एकही हात वर झाला नाही. झेंड्याचा चौथरा गेटजवळ नव्यानं बांधला. या वेळी आधी पहार ठोकून.

हे सगळं एका रविवारात बदललं असं मी म्हणणार नाही. आजही स्टेशनच्या दोन्ही बाजूंच्या कितीतरी बिल्डिंगींत माणसं उतरवली जातात, आणि जबाबदार कोण हा माझा सवाल तसाच उभा आहे. पण आमच्या बिल्डिंगमध्ये तो सवाल राहिला नाही. मोगऱ्यालाही बावखलाचं पाणी पुन्हा सुरू झालं. मावशींनी तसं सांगितलं नाही, एक दिवस आईला गजरा पाठवला.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात पलीकडच्या नव्या बिल्डिंगचे चेअरमन काकांकडे आले. त्यांची टाकी भरली होती. आमच्याकडे लांब बांबू आहेत असं त्यांनी ऐकलं होतं. मी जिन्यात होते.

“बांबू नेऊ?”

“न्या,” काका म्हणाले. “गाडी सांगितलीय ना? नाहीतर देत नाही.”

“सांगितलीय. पण गाळ ढवळायला माणूस कुठून आणायचा?”

“हा येईल.” काकांनी बोट दाखवलं; पांढऱ्या सदऱ्याचा गृहस्थ नेमका आमच्या टाकीच्या हिशेबाला आलेला होता. “पण हा कडेला उभा राहून सांगणार. ढवळणार तुम्ही. चेअरमन पहिला, मग सेक्रेटरी, मग ज्याला यायचं तो.”

चेअरमननी इस्त्रीच्या बाह्या खाली-वर केल्या. मग एक टोक खांद्यावर घेतलं, दुसरं त्यांच्या वॉचमननं. तो गृहस्थ त्यांच्या मागून निघाला, चपला पायात ठेवून, आणि फाटकापाशी पोचेपर्यंत त्याचं सुरूही झालं होतं, “साहेब, बांबू असा नाही धरायचा.”